न गळणारं वृंदावन

मी सिमेंटवाली. आमच्या लालबागच्या चाळीत हे मी कितीदा समजावून सांगितलं असेल, पण तळमजल्यावरच्यांना अजून वाटतं की माझं कुठेतरी सिमेंटचं दुकान आहे आणि मी ओळखीत गोणी देत नाही, म्हणजे मी शिष्ट आहे. आमच्या मजल्यावरच्यांना मी 'अणू'त आहे एवढं पक्कं माहीत आहे. ते माझ्या हातचा चहा पितात, पण कप आधी उजेडात धरून बघतात.

खरं काय ते एकदा सांगून टाकते. अणुवीज केंद्रात वीज होते तसा कचराही होतो. पाणी शुद्ध करून करून दमलेले रेझिन नावाचे मणी, टाक्यांच्या तळाचा गाळ, कुठे काही सांडलं तर ते धुतलेलं पाणी. ह्या सगळ्यात थोडीफार किरणोत्सारी द्रव्यं असतात आणि ती मोकाट सोडायची नसतात. मग ती सिमेंटमध्ये कालवायची, पिंपात भरायची आणि त्यांचा दगड होऊ द्यायचा. ते सिमेंट कसलं असावं, त्यात काय मिसळलं तर आतलं आतच राहील, हे शोधणं माझं काम. पोलादाच्या भट्टीतली मळी बारीक दळून घातली की सिमेंटमधली छिद्रं बुजतात. बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि झिओलाइट नावाचे खडे घातले की सिझियम नावाचं जे एक पळपुटं द्रव्य आहे, त्याला जागच्या जागी धरून बसवता येतं. एवढं करून ठोकळा तयार झाला की आम्ही तो पाण्यात ठेवतो, पाणी बदलत राहतो आणि त्या पाण्यात काय उतरलं ते मोजतो. काही उतरलं नाही की आम्हाला आनंद होतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यांत साधं, निरुपद्रवी सिझियम असतं, हे मी शेजाऱ्यांना गळ्याची शपथ घेऊन सांगितलंय. कप अजून उजेडात धरला जातोच.

तर माझी सगळी उमेदीची वर्षं, ठोकळ्यातून काही बाहेर येत नाहीये ना, हे बघण्यात गेली. ह्याचा माणसावर परिणाम होतो हो. आई लोणच्याच्या बरणीला दादरा बांधते, मी त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यावर रबर लावते. माझा जेवणाचा डबा उघडायला ऑफिसात दोन माणसं लागतात. नळाचा वायसर मी स्वतः बदलते आणि नंतर नळाखाली कोरडा कागद ठेवून उभी राहते. लग्नाचं विचारायला येणाऱ्या मावशीला मी एकदा तासभर सिझियमबद्दल सांगितलं होतं. त्यानंतर तिने स्थळ म्हणून आणलं नाही.

बाबा गेले तेव्हाही मी अशीच वागले. डॉक्टर, रुग्णवाहिका, गावाला फोन, दाखला, तेरावं, सगळं एकटीने निस्तरलं. डोळ्यातून टिपूस काढलं नाही. चाळीतले म्हणाले, पोर खंबीर आहे. मलाही ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? ठोकळा पास झाला, एवढंच मनात आलं.

आता तुळशीचं सांगते. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी आमच्या दारासमोर, गॅलरीच्या कठड्याला लागून, स्वतःच्या हाताने एक वृंदावन बांधलं होतं. विटा कुठूनतरी मिळवलेल्या, वर गिलावा, त्याला गेरू. तुळस कणकवलीजवळच्या आमच्या गावची. झाड म्हातारं झालं की बाबा त्याच्याच मंजिरीचं रोप लावायचे. जाण्याच्या आधीच्या महिन्यात त्यांनी असंच एक नवं रोप लावलं. हात थरथरत होते, माती अर्धी लादीवर सांडली, आणि ती सांडलेली माती मीच कपाळाला आठ्या घालून पुसली.

ते गेल्यावर आई रोज सकाळी त्या तुळशीला तांब्याभर पाणी घालायची आणि तिच्याशी बोलायची. दूध नासलं, गुडघा दुखतो, गॅस संपत आला. बराचसा भाग माझ्या तक्रारींचा असायचा. "काल परत माझ्या अंगावर वसकन इली. तुमचीच पोर ती." मी आत पांघरुणात पडून सगळं ऐकायची. ती तुळशीशी बोलत नाहीये, बाबांशी बोलत्येय, हे कळायला काही डॉक्टरेट लागत नाही. माझ्याशी ती बाबांबद्दल बोलायची नाही, कारण विषय निघाला की मी भांडी घासायला उठायची.

पहिल्या वर्षी घरात सण नव्हते, त्यामुळे तुळशीचं लग्नही झालं नाही. ह्या वर्षी ते करायचंच, असं आईने श्रावणातच जाहीर केलं. "ह्येंनी लायलेली तुळस ती. तिचा लगीन माझ्या हातान लागला की माझा जीव निवात," ती म्हणाली. आईने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, करू की, त्यात काय.

पण वृंदावनाला तोवर एका बाजूने चीर गेली होती आणि घातलेलं पाणी चिरेतून, तळातून, मिळेल तिथून बाहेर यायचं. आमची गॅलरी शेजारच्या काकूंच्या दाराकडे जराशी उतरती आहे. त्या काकू म्हणजे चाळीतल्या सगळ्यात टापटिपीच्या बाई; सकाळी उठून दारात रांगोळी काढणार म्हणजे काढणार. आणि आईने तांब्या ओतला की पाचेक मिनिटांत गढूळ पाण्याची एक रेघ निघून त्यांच्या रांगोळीतली कमळं वाहवून न्यायची. बाबा असताना त्या काही बोलत नव्हत्या. श्रावणात मात्र एका सोमवारी त्यांचा संयम सुटला.

"अगं, तू एवढी शिकलेली ना? अणूचं पाणी अडवतेस म्हणे! मग हे तांब्याभर पाणी अडवता येत नाही तुला?"

झालं. माझ्या वर्मी लागलं. गॅलरीतली सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात निदान एक कान होता. मी तिथल्या तिथे, दात घासायचा ब्रश हातात धरून प्रतिज्ञा केली की ह्या वृंदावनातून थेंब बाहेर आला तर नाव बदलेन.

गोकुळाष्टमी झाली आणि मी रजा टाकून कामाला लागले. आधी बाबांचं वृंदावन फोडलं. फोडताना मनात बाबांच्या गवंडीकामाला नावं ठेवत होते, तेही लिहून टाकते. तळाशी चक्क एक भोक होतं आणि त्याच्यावर कौलाचा एक तुकडा उपडा ठेवलेला. विटा कमी पडल्या असणार, मी म्हटलं, बाबांचं सगळं असंच जुगाडू. तो तुकडा मी डेब्रिजमध्ये फेकला. आईने तो उचलून, फुंकर मारून, स्वयंपाकघरात नेला. तिला गरम पातेलं टेकवायला काहीतरी लागतच असतं.

मग सामान. सिमेंट परळच्या हार्डवेअरवाल्याकडून. दळलेली मळी एका ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडून. बेंटोनाइट लोहार चाळीतून, कारण इलेक्ट्रिकवाले ते अर्थिंगच्या खड्ड्यात भरतात. आणि झिओलाइट क्रॉफर्ड मार्केटजवळच्या माशांच्या दुकानातून, कारण लोक ते काचेच्या टाकीत पाणी स्वच्छ राहावं म्हणून टाकतात. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, टँक कितने फुट का है?" मी म्हटलं, "तुलसी के लिए है." त्याने पुढे काही विचारलं नाही. झिओलाइट कशाला, असं तुम्ही विचाराल. ते सिझियम धरून ठेवतं. आमच्या गॅलरीत सिझियम नव्हतं, मान्य आहे. पण हाताला सवय.

साचा मी प्लायवूडचा केला. मिश्रण घमेल्यात नाही, बादलीत ड्रिलला रवी लावून घुसळलं, बुडबुडे निघावेत म्हणून साचा बाहेरून रबरी हातोडीने ठोकत बसले. आई दारात बसून तांदूळ निवडत बघत होती. "तुळशीक घर बांधतंस की धरण?" तिने विचारलं. मला तो कौतुकाचा शेरा वाटला. वृंदावन साच्यातून निघाल्यावर महिनाभर मी त्याला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळ भिजवलं. तेवढ्या काळात तुळस एका तुटक्या बादलीत राहत होती. बादलीच्या बुडाला तडा होता, खाली मी ताट ठेवलं होतं आणि ते दिवसातून दोनदा ओतत होते. त्या बादलीत तुळस अशी फोफावली की काय सांगू! तिला नव्या घराची ओढ लागलीय, असं मी आईला सांगितलं.

मग परीक्षा. वृंदावन काठोकाठ पाण्याने भरलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. दिवसामागून दिवस गेले, कागद कोरडा. बातम्या वाचता येत होत्या. मी सगळ्या मजल्याला बोलावलं. काकूंनी वाकून कागदावर हात फिरवला, मग लादीवर फिरवला, मग वृंदावनाच्या बुडाला लावून बघितला. "कोरडं ठाक हो!" त्या म्हणाल्या. मी पेढे वाटले. हसू नका, खरंच वाटले, पाव किलो. दर पेढ्यामागे लोकांना छिद्ररहित सिमेंटबद्दल माहितीही दिली. पेढा तोंडात असल्यामुळे कोणी अडवू शकलं नाही.

दसऱ्याला तुळस नव्या घरात गेली. आईने हळदकुंकू वाहिलं, पाणी घातलं. लादीवर टिपूस नाही. काकूंची कमळं संध्याकाळपर्यंत फुललेली. सगळे खूश. मला तर ऑफिसातही इतकं कौतुक कधी मिळालं नव्हतं.

दिवाळीच्या आधी पानं पिवळी पडायला लागली.

"सुकता गो ही," आई म्हणाली. पानं खरंच मान टाकून बसल्यासारखी होती. मी चष्मा वर करून पाहिलं आणि तज्ज्ञाच्या आवाजात निदान केलं: पाणी कमी पडतंय. आईने एकाचे दोन तांबे केले. पानं आणखी पिवळी. मग मला शंका आली की सिमेंटचा क्षार मातीत उतरतोय. ताजं सिमेंट क्षारीय असतंच, आणि तोच क्षार पुष्कळशी नको ती द्रव्यं विरघळू देत नाही, म्हणून आम्हाला तो प्रिय. मी पीएच पेपर आणला, मातीत खुपसला, रंग बघितला, आणि क्षार धुऊन निघावा म्हणून तिसरा तांबा चालू केला. मग मी काकूंच्या उदबत्तीवर संशय घेतला. मग कबुतरांवर. एका संध्याकाळी मी कठड्याला टेकून कबुतरांकडे इतक्या रागाने बघत होते की समोरच्या इमारतीतल्या माणसाने आपली खिडकी लावून घेतली.

सकाळचं आईचं तुळशीशी बोलणं मात्र बदललं होतं. दूध, गुडघा, गॅस सगळं बंद झालं होतं. ती फक्त म्हणायची, "लग्नापर्यंत तरी ऱ्हव गो बाय. लग्नापर्यंत ऱ्हव." मी आत पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. मग उठून डबा भरायची आणि त्याचं झाकण जोर लावून बसवायची.

भाऊबीजेनंतर, तुळशीचं लग्न आठवड्यावर आलेलं असताना, दादरला ज्येष्ठ नागरिकांच्या एका सभेत माझं भाषण होतं. विषय, अणुकचरा किती सुरक्षित. हे भाषण मला झोपेत येतं. मळी, माती, खडा, ठोकळा, पाणी, काही बाहेर येत नाही, टाळ्या, चहा आणि बटाटावडा. टाळ्यांपर्यंत सगळं नेहमीसारखं झालं. मग पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. अंगात स्वेटर, दादरला, कार्तिकात.

"म्हणजे ते पिंप एकदम सीलबंद. बरोबर?"

"नाही आजोबा," मी हसून म्हटलं, कारण हा प्रश्न मला आवडतो. "काही पिंपांच्या झाकणाला आम्ही मुद्दाम एक बारीक वाट ठेवतो. सिमेंटमध्ये पाणी असतंच. आतल्या किरणांनी ते फुटतं, त्याचा वायू होतो. त्याला जायला गाळणी लावलेली वाट ठेवावी लागते. सगळंच बंद करून चालत नाही. नाहीतर आतल्या आत..."

आणि मी थांबले. माईक चालू होता.

"आतल्या आत काय?" आजोबांनी विचारलं.

"आतल्या आत कुजेल," मी म्हटलं.

सभेत कुजबुज झाली. अणुकचरा कुजतो ही माहिती त्यांना नवीन होती, आणि मी ती दुरुस्त करायला थांबले नाही. तसं खरं तर थांबायला हवं होतं. पर्स घेतली, वड्याची बशी तशीच ठेवली आणि धावत बाहेर येऊन टॅक्सी पकडली. हिंदमाता, परळ, प्रत्येक सिग्नलला मी स्वतःला शिव्या घालत होते. किरणोत्सारी गाळाच्या पिंपाला वाट ठेवणारी मी बाई, आणि तुळशीच्या वृंदावनाला भोक नाही! एक भोक! शाळेतलं पोर शेंगदाण्याच्या रोपासाठी डब्याला पाडतं तेवढं भोक! रोजचे तीन तांबे आत गेले होते, आणि माझ्या हुशारीमुळे त्यातला थेंब बाहेर आला नव्हता. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. त्याला वाटलं असेल बाईचं कोणीतरी हॉस्पिटलात आहे, कारण त्याने खरंच गाडी जोरात हाणली.

घरी आले तेव्हा आई दिवा लावत होती. मी तशीच जाऊन मातीत बोट खुपसलं. वरचा थर खाली गेला आणि बोट चिखलात बुडालं. बाहेर काढलं तर गटाराचा वास.

"ड्रिल!" मी ओरडले. आमचं ड्रिल सिमेंट घुसळून घुसळून जळालं होतं, म्हणून काकूंच्या घरचं मागून आणलं. तळापासून चार बोटं वर खूण केली आणि लावलं. काय तो आवाज! सगळा मजला बाहेर आला. ड्रिल किंचाळतंय, मी अंगाचा भार टाकत्येय, आणि सिमेंटवर नुसता एक पांढरा ठिपका. मग पातं मोडलं. आणि सांगायला लाज वाटते, पातं मोडलं तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'वा!' होता. दुसरं पातं लावलं, तेही मोडलं. मग छिन्नी आणि हातोडा. कपचा उडाला तोही माझ्या नखाचा. कोणीतरी मागून म्हणालं, "काम एकदम सॉलिड केलंय पण!" आणि त्याला कोणीतरी गप्प केलं.

"झाड तरी आदी भायर काढ गो!" आई ओरडली.

हे मला सुचलंच नव्हतं. मी हातोडा टाकला, दोन्ही हातांनी तुळशीचं खोड धरलं आणि मुळं सोडवायला जोर लावणार, तर जोर लागलाच नाही. झाड हातात आलं. मुळं काळी पडून, भिजलेल्या सुतळीसारखी लोंबत होती, आणि अर्धी तर चिखलातच तुटून राहिली होती.

आईने ते माझ्या हातातून घेतलं आणि उंबऱ्यावर बसली. लुगड्याला चिखल लागला, तिने बघितलं नाही. पिवळी पानं एकेक करून सरळ करत राहिली.

"ह्येंनी लायलेली," ती म्हणाली. मला उद्देशून नव्हे. रागावूनही नव्हे. रागावली असती तर मी काहीतरी उलट बोलले असते, माझं निभावलं असतं.

मी तिथेच लादीवर बसले आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, भोकाड. नाक वाहतंय, हुंदक्यांनी बोलता येत नाही, सगळी चाळ उभी, आणि मी पन्नाशीची बाई "बाबा, बाबा" करून रडत्येय. बाबांनी लावताना सांडलेली माती मी आठ्या घालून पुसली होती, ते आठवलं. ते कौल विटा कमी पडल्या म्हणून नव्हे, माती अडवून पाणी जाऊ द्यायला ठेवलं होतं, तेही तेव्हाच डोक्यात शिरलं. आईने एक हात झाडावर ठेवला होता, दुसरा माझ्या डोक्यावर ठेवला. "रड," ती म्हणाली. "किती दिवस वाट बघतंय मी." मग तीही रडायला लागली. लोक हळूहळू आत गेले. आमच्या चाळीत लोक आपण होऊन आत जातात, असं मी पहिल्यांदाच बघितलं.

काकू मात्र गेल्या नव्हत्या. म्हणजे गेल्या आणि परत आल्या. हातात तेलाचा जुना चौकोनी डबा. डबा तळातून ठिबकत होता, त्यांच्या पायांवर, लादीवर, सगळीकडे. डब्यात वीतभर उंचीची तुळस होती.

"ही तुमचीच," त्या म्हणाल्या. त्या इतक्या हळू बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. "तुमचं ते पाणी यायचं ना माझ्या दारात, त्याच्याबरोबर मंजिरीचं बी यायचं. उंबऱ्याच्या फटीत रोपं उगवली होती. बाकीची मी उपटून टाकली, एवढं एक जिवावर आलं. मागच्या खिडकीत ठेवलं होतं."

"मग सांगितलं का नाही काकू?" मी नाक पुसत विचारलं.

"काय सांगणार? तू पेढे वाटत होतीस."

आईने डबा मांडीवर घेतला. त्याच्यातून पाणी तिच्या लुगड्यावर गळत होतं आणि ती त्या पानांचा वास घेत होती. "तीच," ती म्हणाली. "गावचोच वास." माझ्या कामात जे बाहेर पडतं त्याची भीती असते. ते दिसलं की आम्ही रात्री झोपत नाही. आणि इथे बाबांचं जेवढं बाहेर पडलं होतं तेवढंच वाचलं होतं, तेही मी ज्या गळतीला नावं ठेवली तिच्यातून. हे मी प्रयोगशाळेत कोणाला सांगितलेलं नाही. साहेब रजेवर पाठवतील.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. लालबागच्या बाजारातून मातीची कुंडी आणली, बुडाला भोक असलेली. दुकानदार दाखवत होता ती प्रत्येक कुंडी मी उपडी करून बघितली. रोप लावायच्या वेळी आई आत गेली आणि पातेल्याखालचा तो कौलाचा तुकडा घेऊन आली. काळा पडला होता, दुधाचे डाग होते. तिने तो भोकावर उपडा ठेवला आणि माती घातली. ऊस, आवळा, चिंच, सगळं झालं. काकूंनी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं म्हणताना आईचा आवाज शेवटपर्यंत टिकला, माझा नाही. हल्ली माझा कशालाच टिकत नाही. एकदा उघडलेली वाट बंद होत नाहीये, काय करणार.

माझं वृंदावन अजून गॅलरीत आहे. ते हलवायला माणसं मिळत नाहीत आणि फोडायला हत्यार मिळत नाही. पावसाळ्यात मजल्यावरचे सगळे त्यात ओल्या छत्र्या ठेवतात. खाली एक थेंब पडत नाही, लोक तारीफ करतात.

आई रोज सकाळी कुंडीत तांब्या ओतते आणि पुन्हा सगळं सांगते. दूध, गुडघा, गॅस, मी. मी आता पांघरुणात नसते, दारात चहा घेऊन उभी असते आणि तिचं काही चुकलं तर मध्येच बाबांना दुरुस्त करून सांगते. काकूंनी आपली रांगोळी हातभर पलीकडे सरकवली आहे. कुंडीखालून पाणी यायला जरा वेळ लागतो. आधी लादी नुसती ओलसर होते, मग रेघ निघते, मग ती हळूहळू काकूंच्या उंबऱ्याकडे जायला लागते. ती तिथे पोचली, की मी चपला घालते आणि कामाला निघते.